दहा बाय दहातला डबल बेस

हिंजवडीचा आयटी पार्क पुण्यात आहे असं सगळे म्हणतात. सरकारी दप्तरात तो मुळशी तालुक्यात आहे. त्याच तालुक्याचं दुसरं टोक ताम्हिणी घाटात, कोकणच्या कड्यावर. एका अंगाला वीस-वीस मजल्यांचे टॉवर, दुसऱ्या अंगाला पावसाळ्यात सूर्याचं तोंड न पाहणारी वस्ती, आणि मध्ये भूगाव, पिरंगुट, पौड अशी रस्त्याला लागलेली गावं. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये २०१८ साली ज्या जमिनींची गोष्ट पडद्यावर आली, त्यातल्याच जमिनींवर आता गृहसंकुलं उभी आहेत. त्यांत सांगली, नांदेड, नागपूरहून नोकरीला आलेली मुलं राहतात आणि संध्याकाळी दार लावून गाणी ऐकतात.

‘यंदाचा अंक आवाजावर आहे, तुम्ही मुळशी घ्या,’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ढोल-झांज पथकं असावीत. पथकं पाहिलीच. पण हिंजवडीला लागून असलेल्या माण गावाच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये हेवी मेटल ऐकणाऱ्या मुलांशी गाठ पडली आणि लेखाची दिशा बदलली. सत्तर हजार रुपये साठवून बसलेला मूळचा सांगलीचा एक इंजिनिअर विचारत होता, ‘काका, मेटलसाठी कुठला स्पीकर घ्यायचा? सगळे म्हणतात, मोठा घे. किती मोठा?’

प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर शोधताना बुधवार पेठेतल्या कॉइलवाल्यापासून पौडपुढच्या कौलारू घरापर्यंत फिरावं लागलं. मेटल ऐकणारा माणूस स्पीकरची जेवढी कठोर परीक्षा घेतो तेवढी क्वचितच कुणी घेत असेल, आणि ती परीक्षा आवाजाच्या मोठेपणाची असते हा मात्र गैरसमज आहे.

वाजतं काय?

हेवी मेटलचा जन्म बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतला. ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात नेमका तोच. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून तो पुन्हा वाजवू लागला, आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल केल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’वर त्याची गिटार काही गाण्यांत तीन अर्धस्वर खाली उतरलेली आहे. नेहमीची खालची तार ८२ हर्ट्झची, ती ६९वर आली. मेटलच्या त्या जड, काळ्या आवाजाची मुळं अशी एका अपघातात आहेत. पुढच्या पिढ्यांनी सात आणि आठ तारांच्या गिटारी आणल्या. आठ तारांच्या गिटारीची खालची तार ४६ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे बेस गिटारच्या ४१ हर्ट्झला जवळजवळ खेटून.

ढोबळ आकडे एवढेच पाहिले तर ‘मोठा वूफर घे’ हा सल्ला पटतो. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिक्सिंग करणारा माणूस गिटारचा तळ बहुधा मुद्दाम छाटतो. ८०–१०० हर्ट्झच्या खालची जागा तो बेस गिटार आणि बेस ड्रमसाठी मोकळी ठेवतो, कारण तिघं एकाच खोलीत शिरले तर नुसता चिखल होतो. गिटारचा खरा जोर त्याच्या वर, दोनशे हर्ट्झपासून चार-पाच हजारांपर्यंत. गिटारच्या अॅम्पमधले बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या पुढे फारसं वाजवतही नाहीत.

आता ड्रम. मेटलचा ड्रमर दोन पायांनी दोन पेडल चालवतो. याला डबल बेस म्हणतात. मिनिटाला दोनशेच्या लयीत प्रत्येक मात्रेला चार ठोके धरले तर सेकंदाला तेरा ठोके होतात. दोन ठोक्यांमध्ये अंतर उरतं ७५ मिलिसेकंदांचं. प्रत्येक ठोक्यात दोन गोष्टी असतात: खाली साठ-सत्तर हर्ट्झची धडक, आणि वर तीन-चार हजार हर्ट्झला ड्रमच्या पडद्यावर मुसळी आपटल्याची टिकटिक. ही टिकटिक आणि ती धडक एकाच क्षणी कानावर पडली तर ठोका ‘बसतो’. धडक मागे रेंगाळली की सलग घरघर ऐकू येते.

म्हणून मेटलच्या स्पीकरकडून पहिली अपेक्षा ही, की त्याला थांबता आलं पाहिजे. वाजणं सगळ्यांना जमतं. ७५ मिलिसेकंदांत वाजून, थांबून, पुढच्या ठोक्याला तयार राहणं फार थोड्यांना जमतं.

सत्तावन्न हर्ट्झचा मुक्काम

त्या सांगलीकर मुलाची खोली दहा बाय दहाची. पुणे परिसरातल्या टू-बीएचकेमधली ही ‘चिल्ड्रन बेडरूम’ बिल्डरने जणू ध्वनिशास्त्राचा सूड घ्यायला बनवली असावी. भिंती विटांच्या, स्लॅब काँक्रीटचा, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, खिडकीला एक पातळ पडदा.

हिशेब असा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट, म्हणजे तीन मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी त्यात बरोबर मावते आणि तो सूर भिंतींच्या मधोमध अडकून घुमत राहतो. खोली चौरस असल्यामुळे लांबीचा सूर ५७, रुंदीचाही ५७. छत साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीचा साठ. तिन्ही बाजूंनी जवळजवळ एकच सूर वाढवणारी ही खोली, आणि तो सूर नेमका डबल बेसच्या धडकेचा. काँक्रीटच्या खोलीत असा सूर अर्धा सेकंद सहज रेंगाळतो. तेवढ्यात ड्रमरचे पुढचे सहा ठोके पडून गेलेले असतात.

मुलाकडे सध्या मित्राकडून आणलेले मोठे टॉवर स्पीकर होते, भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटवून ठेवलेले. ‘बेस ओव्हर होतोय,’ तो म्हणाला. आम्ही स्पीकरांना हात लावला नाही, खुर्चीच फिरवली. खोलीच्या मधोमध बसलं की बेस गायब. मागच्या भिंतीला टेकून बसलं की छातीवर दगड. भिंतीपासून तिसऱ्या हिश्शावर बसलं तेव्हा कुठे ठोके मोजता यायला लागले. मग स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले. भिंत आणि कोपरा खालच्या सुरांना फुकटचा जोर देतात. तो काढून घेतला. शेवटी स्पीकरच्या मागच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, त्याचेच दोन पायमोजे कोंबले. मुलगा थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘आवाज कमी झाला आणि गाणं वाढलं.’

पायमोज्यामागचं शास्त्र साधं आहे. बेस वाढवण्यासाठी बहुतेक पेट्यांना भोक ठेवलेलं असतं. आतली हवा ठरावीक सुराला वूफरच्या जोडीने हलते आणि छोट्या पेटीतूनही दणका मिळतो. मात्र ती हवा वूफर थांबल्यावर लगेच थांबत नाही. बंद पेटी, जिचं व्यापारी रूप एडगर विल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत एआर-१ या स्पीकरमधून लोकप्रिय केलं, तेवढा दणका देत नाही, पण तिचा बेस हळूहळू उतरतो आणि लवकर थांबतो. पोर्टवाले सगळे वाईट असं नाही. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली मांडलेलं गणित पाळून बनवलेले पोर्ट उत्तम वाजतात. पण स्वस्तात ‘बेस हेवी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्यांत ते गणित आकर्षक खोक्यापुढे हरलेलं असतं.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायची कल्पना त्याच्या रूममेटची. त्याने काही होत नाही. पातळ पुठ्ठा फारतर वरचा थोडा झणझणाट खातो. उघड्या फरशीवर सतरंजी, समोरच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी आणि बाजूच्या भिंतींवर जिथून आवाज पहिल्यांदा उसळतो तिथे जाड गोधडी, एवढ्याने झांजांचा कर्कशपणा उतरतो. खालच्या सुरांना जाडी लागते. चार-सहा इंची कापसाच्या दोन गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या की दीडशे हर्ट्झच्या आसपास फरक पडायला लागतो. त्याखालच्या ५७ हर्ट्झच्या पाहुण्याला गादी पुरत नाही. तिथे जागा बदलणं किंवा इक्वलायझरने तेवढाच सूर कापणं हे दोनच उपाय. ‘रूम ईक्यू विझार्ड’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक असेल तर खोलीत काय घुमतंय ते आलेखात दिसतं. फुगवटा कापता येतो. खड्डा मात्र इक्वलायझरने भरत नाही. तिथे भर घालत राहिलं की अॅम्प घामाघूम होतो आणि खड्डा तसाच राहतो.

बुधवार पेठेतली जळकी कॉइल

तापकीर गल्लीच्या परिसरात अजूनही स्पीकर उघडून दुरुस्त करणारे मिस्त्री भेटतात. गणपती झाले की त्यांच्याकडे गर्दी. डेकोरेशनवाल्यांचे पंधरा इंची, अठरा इंची वूफर थप्पीने पडलेले. एका मिस्त्रींनी घरगुती बुकशेल्फ स्पीकरमधला वूफर माझ्या हातात दिला. कागदाचा कोन शाबूत, रबर शाबूत. मध्ये बोट ठेवून कोन दाबला तर आत खर्रकन घासल्याचा आवाज. ‘कॉइल फुगली,’ ते म्हणाले. मग चिमट्याने ती बाहेर काढून दाखवली. तांब्याच्या तारेवरची लाख करपून काळी पडली होती, एका कडेची वेटोळी सुटली होती आणि जळक्या वार्निशचा तिखट वास येत होता. ‘साहेब, पोरं म्हणतात अॅम्प मोठा होता म्हणून जळला. निम्म्या वेळा अॅम्प लहान असतो. त्याला पार शेवटपर्यंत पिळतात.’

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. अॅम्पची ताकद संपली की तो लाटेचे शेंडे सपाट कापतो. सपाट लाटेत सरासरी ऊर्जा जास्त, वरचे सूरही जास्त. कॉइल तापते आणि ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर, आधी मरतो. मेटलच्या बाबतीत अडचण दुहेरी, कारण पुष्कळ रेकॉर्डिंगंच मुळात सपाट केलेली असतात. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. २००८ साली तो आला तेव्हा आवाज इतका दाबून चढवलेला होता की एका व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची आवृत्ती जास्त मोकळी वाटते असं चाहत्यांनीच दाखवून दिलं. ख्याल किंवा भावगीत वाजताना कॉइलला मधे मधे श्वास मिळतो. अशा अल्बममध्ये चाळीस-पन्नास मिनिटं तो मिळत नाही.

इथे एका आकड्याकडे लक्ष द्यावं. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेली असते: एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. ८४चा स्पीकर आणि ९०चा स्पीकर यांत सहाचाच फरक दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला पहिल्याला चौपट वॅट लागतात. दहा डेसिबलसाठी दहापट. म्हणून मेटलवाल्यांमध्ये भोंगा बसवलेल्या, जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरांचे भक्त बरेच. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेतल्या आर्कान्सासमध्ये सुरू केलेली कंपनी याच तत्त्वावर उभी आहे. थोड्या वॅटमध्ये मोठा, तडफदार आवाज मिळतो आणि कॉइल थंड राहते. मात्र झांजांनी भरलेलं ब्लॅक मेटल त्यावर उघड्या टाइलच्या खोलीत ऐकलं तर अर्ध्या तासात कान थकतात.

‘मग डीजेवाल्यांचेच का घेऊ नयेत?’ हा प्रश्न मला माणमध्येही विचारला गेला आणि पिरंगुटमध्येही. त्या पेट्या मैदानावर फेकण्यासाठी असतात. त्यांना मागे-पुढे श्वास घ्यायला जागा लागते. दहा बाय दहात त्यांची ताकद एक टक्काही वापरता येत नाही, आणि तेवढ्या खालच्या पातळीवर त्यांचा पंख्यासारखा गोंगाट मात्र ऐकू येतो.

दुकानात काय वाजवायचं

दुकानातल्या डेमोच्या खोलीत जाड गालिचा असतो, भिंतींना फोम असतो आणि एखादी बाई गिटारच्या साथीने हळुवार गात असते. त्यावर कुठलाही स्पीकर गोड वाजतो. आपली गाणी घेऊन जावं आणि संकोच न करता लावायला सांगावं.

काय लावावं? मेटॅलिकाचा १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम सरधोपट पण उपयोगी. बॉब रॉक यांनी त्यात प्रत्येक वाद्याला जागा दिली आहे. मेटॅलिकाचाच १९८८चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ मात्र बेस तपासायला लावू नये. त्यात बेस गिटार मिक्समध्ये इतकी दाबलेली आहे की लोक उगाच स्पीकरला दोष देतात. मेशुगाहच्या २००८च्या ‘ऑबझेन’मधलं ‘ब्लीड’ ही डबल बेसची परीक्षा: ठोके सुटे मोजता येतात की नाही ते पाहायचं, आणि तेही आवाज कमी ठेवून. ओपेथचा २००१चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ एकाच गाण्यात अकूस्टिक गिटारीवरून गुरगुराटापर्यंत जातो. आवाज वाढवायला हात न लावता दोन्ही टोकं झेपली पाहिजेत. स्लेयरचा १९८६चा ‘रेन इन ब्लड’ अर्ध्या तासाच्या आत संपतो. तो संपेपर्यंत डोकं दुखलं तर ट्विटर आपल्यासाठी नाही. डार्कथ्रोनचा १९९४चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्दाम पातळ, खरखरीत मुद्रित केलेला आहे. महागड्या स्पीकरवर तो गुळगुळीत वाजला तर स्पीकर खोटं बोलतोय असं समजावं.

आपल्याकडचंही न्यावं. मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला, विष्णूच्या दहा अवतारांवर. त्यात कीबोर्डचे थर, डबल बेस आणि गुरगुराट एकावर एक रचलेले आहेत. ते थर वेगळे ऐकू आले तर मधल्या सुरांचं काम चोख आहे. मधले सूर महत्त्वाचे अशासाठी की दोन ड्रायव्हरांच्या स्पीकरमध्ये वूफरकडून ट्विटरकडे काम सोपवायची जागा, म्हणजे क्रॉसओव्हर, दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास असते. गिटारचा चावा, स्नेअरचा फटका आणि ओरडणाऱ्या गळ्याचे शब्द सगळे तिथेच. ती शिवण उसवलेली असेल तर भावगीतात चालून जातं, मेटलमध्ये लगेच कळतं.

दुकानदाराला न रुचणारी पण सर्वांत भरवशाची चाचणी मला एका तबलजींनी सांगितली. द्रुत रेला लावा. बोल सुटे पडले आणि बायाँची घुमक वळून जागच्या जागी विरली, तर तो स्पीकर काहीही वाजवेल. घरी घेऊन ताडून पाहिलं. रेल्यात नापास झालेली पेटी डबल बेसमध्येही नापास झाली.

पिरंगुटच्या पुढे पाऊस

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की पिरंगुटचा घाट उतरताच हवेतली ओल बदलते. पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे जाताना जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घाम गाळतात. या पट्ट्यात आता शहरातल्या लोकांची फार्महाउसं आहेत, आणि ‘गावाकडे मोठ्या आवाजात ऐकता येईल’ म्हणून स्पीकर इथे आणून ठेवणारेही आहेत.

अशा एका घरात जुन्या आयात स्पीकरची जोडी पाहिली. कोनाभोवतीची फोमची कड बोटाने टोकरली तर चुरा झाला. पॉलियुरेथेनचा फोम दमटपणात कुजतो. आपल्या हवेत तो दहा-पंधरा वर्षांत जातो. रबरी कड कितीतरी जास्त टिकते. पेटी एमडीएफची होती. खालची कड ओल पिऊन पुठ्ठ्यासारखी फुगली होती, स्क्रू गंजून तपकिरी ओघळ आले होते. कागदी कोनही ओलावा धरतो, जड होतो आणि त्याचा सूर थोडा खाली सरकतो. या भागात राहायचं तर पॉलिप्रॉपिलीनसारखा न भिजणारा कोन, रबरी कड आणि चांगल्या प्लायची किंवा सगळ्या कडा रंगाने बंद केलेली पेटी मागावी. स्पीकर फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवावा, आणि पावसाळ्यात बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वाजवावा. पोर्टला जाळी हवीच. कुंभारीण माशी पोर्टच्या तोंडाशी मातीचं घरटं बांधते. आत शिरलेल्या पालीचा किस्सा इथे प्रत्येकाकडे असतो.

वीज हा वेगळा विषय. मुळशीचं पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरतं आणि १९२७पासून टाटांचं वीजघर त्यावर चालतं. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. मुंबईला वीज देणाऱ्या या तलावाच्या काठी वादळी संध्याकाळी दिवे मिणमिणतात. दाब वर-खाली होतो तेव्हा अॅम्पचा जीव धोक्यात असतो. चांगलं अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढणं, एवढी शिस्त तिथे पाळतात. वायरींवर हजारो रुपये घालण्यापेक्षा घरमालकाकडून अर्थिंगचा खड्डा तपासून घेतलेला बरा.

कौलाखाली

सर्वांत चांगलं मेटल मी पौडपुढच्या एका गावात ऐकलं. निवृत्त शिक्षकांचं जुनं कौलारू घर, ओटी, माजघर, शेणाने सारवलेली जमीन. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा सुटीला येऊन साध्या सहा इंची बुकशेल्फ स्पीकरवर आयर्न मेडन लावतो. घरात पाऊल टाकताच डबल बेस सुटा ऐकू आला. इथे ना गाद्या होत्या ना इक्वलायझर.

कारण छतात होतं. कौलांच्या फटींतून खालचे सूर बाहेर निघून जातात. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसल्यामुळे लाट अडकत नाही. सारवलेली जमीन टाइलसारखं वरचे सूर परत फेकत नाही. आणि पोटमाळ्यावरची भाताची पोती काही ना काही पिऊन घेतात. आवाज वाजतो आणि निघून जातो. गुरुजी आतून म्हणाले, ‘ढोलाचा आवाज मोकळ्या रानातच बरा. देवळाच्या सभामंडपात वाजवला की कान बसतात.’ तालुक्यात ढोल वाजवणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. स्लॅबखाली राहायला गेलेल्या पिढीला ते पैसे खर्चून पुन्हा शिकावं लागतंय.

या मुलाला आयर्न मेडनचं वेड आहे कारण थोरल्या चुलतभावाने १ फेब्रुवारी २००८ला त्यांना मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात ऐकलं होतं. त्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईत झाली आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक म्हणून बँडचं विमान चालवत आला होता. त्याआधीच्या पिढीला मुंबईच्या धोबीतलावला रंगभवनात १९८६पासून भरणारं इंडिपेंडन्स रॉक होतं. नंतरच्या पिढीला २०१०मध्ये पुण्यात सुरू झालेला एनएच७ वीकेंडर मिळाला. मैदानावर ऐकलेला तो आवाज घरी आणायचा, ही मेटलवाल्याची मूळ इच्छा. मैदानाला भिंती नसतात, हे तो विसरतो.

रात्री दहाचा शेजार

कायदा सरळ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. नेहमीचं बोलणंच साठच्या आसपास जातं, तेव्हा मेटलला त्यात फारशी जागा नाही. सोसायटीत भांडण बहुधा खालच्या सुरांवरून होतं. विटांची भिंत गिटार अडवते. ५७ हर्ट्झ मात्र स्लॅबमधून, कॉलममधून दोन मजले खाली उतरतो.

स्वतःच्या कानांचाही कायदा आहे. ८५ डेसिबल आठ तास सोसतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ला तासभर, १००ला पंधरा मिनिटं. तीस वर्षांनंतर झांजेचा सूर ऐकू यायला हवा असेल तर हे गणित पाठ हवं.

दोन्ही कायदे पाळायचा मार्ग एकच: जवळ बसणं. अंतर निम्मं केलं की स्पीकरमधून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा वाटा तेवढाच मागे पडतो. लहान स्पीकर, चार फुटांवर, ट्विटर कानाच्या उंचीला, दोघांत आणि आपल्यात समभुज त्रिकोण. ध्वनिमुद्रक स्टुडिओत असंच बसतात. यामाहाचा पांढऱ्या कोनाचा एनएस-१० (१९७८) कित्येक वर्षं रॉकच्या स्टुडिओंत कन्सोलवर असाच, हाताच्या अंतरावर ठेवलेला असायचा.

सत्तर हजारांचं काय झालं

माणच्या मुलाने शेवटी टॉवर घेतले नाहीत. साडेसहा इंची वूफरच्या, पन्नास हर्ट्झपर्यंत प्रामाणिक उतरणाऱ्या बुकशेल्फची जोडी घेतली, जिचा पोर्ट बूच लावून बंद करता येतो. भरपूर वॅटचा साधा अॅम्प, जो निम्म्यावरही जाणार नाही. लोखंडी स्टँड त्याने गावाकडच्या वेल्डरकडून करून घेतले आणि आत वाळू भरली. मोजणीचा माइक घेतला, दोन कापसाच्या गाद्या पिंजून आणल्या. तरीही पैसे उरले. दुसऱ्याने विचारलं तर मीही हाच क्रम सांगेन: आधी बसायची जागा, मग खोली, मग स्पीकर, मग अॅम्प, आणि सबवूफर सर्वांत शेवटी, खोली मोठी मिळाली तरच. संथ, जड डूम मेटलचा भक्त असेल तर सबवूफरची ओढ लवकर लागेल; वेगवान थ्रॅशवाल्याला त्याची आठवणही येणार नाही.

उरलेल्या पैशांतून तो स्पीकर सुटीत सांगलीला नेण्यासाठी मजबूत खोकी करून घेतो आहे. वडील गाणं ऐकणारे, तबल्याचे शौकीन. त्यांनी मागच्या भेटीत इथेच बसून रेला ऐकला आणि बायाँ सुटा वाजतो म्हणून स्पीकर पास केला होता. मुलाने त्यानंतर ‘ब्लीड’ लावलं, तेव्हा ते संगीत त्यांना अजिबात आवडलं नाही. ठोके मात्र त्यांनी मांडीवर बोटांनी बरोबर मोजले.